ओल्ड ब्रिगेडियरचे उज्जैनातले दिवस

२२ सप्टेंबर १९५६, शनिवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या रोजनिशा त्यांच्या पश्चात छापतात. माझी छापू नये, बायको, शैला, वाचेल.

संध्याकाळी माधवनगरला भय्यासाहेबांकडे मंडळाची बैठक. मंडळात आम्ही तिघे. खुद्द भय्यासाहेब, ज्यांचे पणजोबा शिंदे सरकारांच्या दरबारात होते. बँकेतला जयंत. आणि मी, सेक्रेटरी. मला सेक्रेटरी कुणी केलं नाही, पण कुणी हरकतही घेतलेली नाही. मंडळाचं काम सोपं आहे. कुणी नवी स्कॉच घेतली की ती आणून दाखवायची, कशी मिळवली ते सांगायचं, बाटली हातोहात फिरवायची, लेबल मोठ्यानं वाचायचं. उघडायची नाही. स्कॉच मोठ्या प्रसंगालाच फुटावी असा भय्यासाहेबांचा नियम आहे, आणि मंडळ निघाल्यापासून तसा प्रसंग आलेला नाही. तोवर सोडा.

आज जयंतनं दिल्लीच्या मेव्हण्याकडून आलेली बाटली दाखवली. मी ती दिव्यासमोर धरली आणि हिला धुराचा वास असणार असं म्हणालो. बूच घट्ट बंद होतं, तरी दोघांनी माना डोलावल्या. याला अधिकार म्हणतात.

मग जयंतनं विचारलं, तुमची कधी दाखवताय? मी म्हणालो, महूच्या छावणीतून येते आहे. मंडळ निघाल्यापासून ती महूहूनच येते आहे. महू तसं लांब नाही.

शेवटी भय्यासाहेबांनी जाहीर केलं की प्रसंग आला. एक नोव्हेंबरला आपलं मध्य भारत राज्य संपणार, आपण सगळे मध्य प्रदेशात जाणार, राजधानी भोपाळला. तेव्हा एकतीस ऑक्टोबरला संध्याकाळी राज्याला निरोप म्हणून बाटल्या फोडायच्या. प्रत्येकानं आपली आणायची. ज्याची नसेल तो मंडळात पाहुणा. हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते असं नाही, पण दुसरीकडेही बघत नव्हते.

घरी परतताना नेहमीसारखी लवंग चघळली. सोड्याला वास येत नाही, पण शिस्त म्हणजे शिस्त.

२३ सप्टेंबर, सकाळ

खरं लिहायचं तर (इथे नाही तर कुठे?) मी स्कॉच अजून चाखलेली नाही. त्यानं काही बिघडत नाही. आमच्या शाळेत भूगोलाचे मास्तर हिमालयावर तासभर बोलायचे, आणि ते देवासच्या पुढे गेलेले नव्हते.

निश्चय: (१) पंधरा दिवसांत बाटली. (२) गळ्याला सराव. (३) ऑफिसातल्या बदल्यांच्या गप्पांकडे लक्ष द्यायचं नाही.

२६ सप्टेंबर

सराव सुरू. आल्याचा काढा बिनसाखरेचा, एका दमात. डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा स्थिर ठेवला, असा माझा अंदाज आहे. शैलानं विचारलं, खोकला झालाय का. हो म्हणालो. तिनं गळ्याला मफलर बांधला.

३० सप्टेंबर, रविवार

टावर चौकात एका ओळखीच्या दुकानदाराला सूचक भाषेत विचारलं. त्याला सूचक भाषा कळली नाही. चारचौघांत मोठ्यानं म्हणाला, "बाबूजी, इंग्लिस चाहिए के देसी?" समोर आमच्या ऑफिसचे दोघे उभे होते. मी म्हणालो, अगरबत्ती. चार पुडे घ्यावे लागले.

४ ऑक्टोबर

उद्यापासून नवरात्र. सासूबाई देवासहून आल्या. त्यांना सगळे माई म्हणतात, मीही. बाई सोवळ्याच्या, पण उभं आयुष्य माळव्यात गेल्यामुळे बोलणं मोकळं. मला त्या जरा जपून वागवतात. शनिवारच्या लवंगेचा वास शैलानं त्यांच्या कानावर घातलेला दिसतो. चला, घरात माझ्याबद्दल काही तरी भीती आहे.

७ ऑक्टोबर, रविवार. रतलाम

विजय! रेल्वेतले हॉकिन्ससाहेब रिटायर होऊन ऑस्ट्रेलियाला चालले आहेत. घरचं सामान विकायला काढलंय अशी बातमी लागली म्हणून सकाळच्या गाडीनं आलो. पियानो, खुर्च्या, बदकांची चित्रं, आणि एक सीलबंद बाटली. ओल्ड ब्रिगेडियर. लेबलवर गलमिशावाला, छातीवर पदकं लावलेला फौजी. साहेबांना ती सोडवत नव्हती. मी म्हणालो, ही योग्य माणसाच्या हाती जाते आहे. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बाटलीबरोबर एक मोडकी छत्री फुकट दिली.

घरी छत्रीच सांगितली.

१५ ऑक्टोबर

दसरा झाला. बाटली ट्रंकेत होती, पण शैलानं आज गरम कपडे काढायला ट्रंक ओढली. मी आधी धावलो. बाटली तांदळाच्या डब्यात. दुपारी माईंनी तांदूळ निवडायला घेतले. बाटली पायजम्याच्या नेफ्यात खोचून तासभर गच्चीवर फिरलो. कबुतरांना दाणे टाकत होतो, असं शेजाऱ्यांना सांगितलं. दाणे नव्हते.

संध्याकाळी उपाय सुचला. साध्याच जागा सुचत नाहीत. देवांची अलमारी! खालचा खण, गंगेच्या लोट्याच्या मागे. तिथे संशयानं कोण हात घालणार? देवाच्या दारी चोर येत नाही. मी ऑफिसात वाया चाललो आहे.

१८ ऑक्टोबर

ऑफिसात बदल्यांच्या यादीची चर्चा. भोपाळला कोण जाणार, कोण राहणार. माझं नाव आहे म्हणतात, नाही म्हणतात. मला भोपाळची काळजी नाही. मला काळजी एकच, एकतीस तारखेला मी मंडळात सेक्रेटरी असेन की पाहुणा. पाच वर्षं दुसऱ्यांच्या बाटल्या उजेडाकडे धरल्या. आपली स्वतःची मांडीवर घेऊन बसायचं, आणि दुसऱ्यांनी ती मागून घ्यायची, एवढंच हवं आहे. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

जेवताना दोनतीनदा उसासा गेला. माईंनी शैलाकडे पाहिलं.

२१ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९

संकट. पूजा आटोपून माई बाटली हातात घेऊन बाहेर आल्या. मागे शैला. मी पेपर वर केला. उलटा होता हे नंतर कळलं.

काय सांगायचं याचे तीन पर्याय डोक्यात होते: ऑफिसची शाई, हॉकिन्ससाहेबांची ठेव, मला माहीत नाही. एकही बोलावा लागला नाही. माईंचे डोळे भरून आले होते.

"जावईबापू, मी तुम्हाला फार हलकं समजत होते," त्या म्हणाल्या. "बदली टळावी म्हणून भेरू महाराजांचा नवस बोललात, आणि घरात कुणाला परेशान केलं नाहीत. आणि देवासाठी आणली ती पण विलायती!"

मी पेपर खाली ठेवला. उज्जैनात देवांच्या अलमारीत बाटली म्हणजे काळभैरवाचा नैवेद्य, दुसरं काय? हे तान्ह्या पोराला कळतं. लपवताना मला कसं कळलं नाही, ते भैरवालाच ठाऊक.

मी "हो" म्हणालो. शैलानं मला नमस्कार केला. लग्नानंतर प्रथमच.

माईंनी ब्रिगेडियरच्या कपाळाला हळदकुंकू लावून त्याला चौरंगावर बसवलं. पुढच्या रविवारी भैरवगढला, काळभैरवाच्या देवळात, जायचं ठरलं.

२३ ऑक्टोबर

शांतपणे विचार केला. घाबरण्याचं कारण नाही. भैरवाच्या देवळात पुजारी थोडी दारू बशीत ओततो, देवाच्या ओठाला लावतो, ती दिसेनाशी होते. बाकीची बाटली प्रसाद म्हणून परत. म्हणजे अर्धी तरी माझ्याकडे राहील. अर्धी बाटली मंडळात नेणं उलट जास्त मानाचं. उघडलेली आहे, म्हणजे मालक चाखणारा आहे. इतरांच्या कोऱ्याच असणार.

माझं नशीब नेहमी असं आडवाटेनं येतं.

२७ ऑक्टोबर, शनिवार

बैठकीत जाहीर केलं: माझी आली. जयंतला पटेना. नाव विचारलं. ओल्ड ब्रिगेडियर, मी म्हणालो, आणि थोडं थांबून, मी ती आधीच उघडणार आहे, रीत म्हणून. भय्यासाहेबांनी उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, यज्ञेश्वरपंत, एकतीसला पहिला पेला तुमच्या हातचा.

जन्मात एवढं बरं वाटलं नव्हतं. परतताना दोन लवंगा.

२८ ऑक्टोबर, रविवार. दुपार

सगळं क्रमानं लिहितो, म्हणजे डोकं जागेवर येईल.

टांग्यानं भैरवगढ. माई, शैला, मी, आणि माईंच्या मांडीवर रेशमी रुमालात ब्रिगेडियर. देवळात ही गर्दी. इतरांच्या हातात देशी. आमची बाटली पाहून लोकांनी वाट करून दिली. अभिमान वाटला, खोटं का बोलू.

पुजाऱ्यानं बूच काढलं. वास आला. धुराचा नव्हता; ऑफिसच्या टेबलांना पॉलिश केलं होतं तेव्हा असा आला होता. त्यानं बशी भरून देवाच्या ओठाला लावली. गेली. दुसरी भरली. गेली. तिसरी. मी हळूच म्हणालो, बस झालं का? पुजारी म्हणाला, "बाबा की मरजी है साहब, आज रुक नी रहे."

पाव बाटली परत आली. तीही चालली असती. पण माईंनी तिथेच प्रसाद वाटायला घेतला. रांगेतल्या बायांना, टांगेवाल्याला, एका साधूला, ज्यानं तीनदा हात पुढे केला. मी म्हणत होतो घरी नेऊ, घरी नेऊ. माई म्हणाल्या, प्रसाद दाबून ठेवू नये.

तळाशी उरली ती माझ्या ओंजळीत ओतली. नवस बोलणाऱ्यानं घ्यायलाच हवी. शैला बघत होती. पुजारी, टांगेवाला, साधू, सगळे बघत होते. मनात म्हटलं, निदान हा क्षण तरी आपला. सराव आहे. काढ्यासारखी एका दमात घेतली.

पुढचं नीट आठवत नाही. नाकातून आली एवढं नक्की. बाकीची माईंच्या शालीवर. मग खोकला, मग ठसका, मग मी देवळाच्या पायरीवर बसलो होतो आणि साधू माझी पाठ चोळत होता. रडत होतो का? डोळ्यांतून पाणी येत होतं.

शाल झटकत माई शैलाला म्हणाल्या, "बघ. फिटला ना शक? या माणसानं जन्मात थेंब नाही घेतला."

शैला हसली. इतक्या प्रेमानं की मला तिचा राग आला.

२९ ऑक्टोबर

खोकला चालू. मफलर.

रिकामी बाटली तरी मागावी म्हटलं. रिकामी म्हणजे उलट सगळी संपवलेली. पण शैलानं ती घासून तिच्यात दिवाळीचं सुवासिक तेल भरलंय. ब्रिगेडियरचा चेहरा तेलानं पारदर्शक झाला आहे. गलमिशा तेवढ्या उरल्या.

दुपारी माई कुठे दिसल्या नाहीत. संध्याकाळी आल्या. माधवनगरला वहिनीसाहेबांकडे, म्हणजे भय्यासाहेबांच्या पत्नीकडे, प्रसादाचा नारळ द्यायला गेल्या होत्या. तिथे जयंतची बायकोही आलेली. खूप वेळ बसल्या होत्या, खूप बोलणं झालं, असं म्हणाल्या.

काय बोलणं झालं, विचारलं नाही.

३० ऑक्टोबर

यादी लागली. माझं नाव नाही. उज्जैनातच राहणार. माईंनी उभ्या उभ्या पुढचा नवस बोलून टाकला: दरवर्षी एक बाटली. मी म्हणालो देशी चालेल. त्या म्हणाल्या, आता देवाला विलायतीची सवय झाली, उतरून कसं चालेल?

उद्या जायचं की नाही? न जावं तर पळालो. जावं तर हात रिकामे. निश्चय: जायचं, आणि खरं ते सांगायचं. की स्कॉच मी घेतली आहे. घशाखाली गेली नाही हा तपशील.

३१ ऑक्टोबर, बुधवार. रात्री ९

गेलो.

दिवाणखान्यात टेबलावर पांढरी चादर, भय्यासाहेबांची बाटली, जयंतची बाटली, चांदीचे पेले. दोन. मी दारातच बोलायला सुरुवात केली, पण भय्यासाहेबांनी हात वर केला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, पाच वर्षं या माणसानं आपल्यासाठी सोडा पिऊन सोबत केली, एक शब्द बोलला नाही. स्वतःची एकुलती एक बाटली देवाला वाहिली. मग वहिनीसाहेब आतून आल्या, मला कुंकू लावलं, अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. जयंत टाळ्या वाजवत होता. त्याच्या बायकोनं त्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं म्हणे, यज्ञेश्वररावांकडून काही शिका.

मी सांगितलं की मी निर्व्यसनी नाही. कुणी ऐकलं नाही. मी सांगितलं की मला स्कॉच कळते. भय्यासाहेब हसले, चांगल्या मनानं. वाईट मनानं हसले असते तर भांडता आलं असतं.

बाटल्या फुटल्या. दोघांनी पेले भरले, मध्य भारताला निरोप दिला, प्यायले. दोघांचे चेहरे बराच वेळ हलले नाहीत. मी विचारलं, निदान वास घेऊ का? भय्यासाहेब म्हणाले, "नको हो. माईंना कळलं तर आम्हाला काय म्हणतील?"

वहिनीसाहेबांनी माझ्यासाठी खास केशरी दूध केलं होतं. शाल सावरत, नारळ मांडीवर घेऊन बसलो. वाईट वाटत होतं. फार वाटत होतं. नाही म्हणायचं ठरवलं होतं, पण पेला तोंडापर्यंत आला होता.

दूध गरम होतं. चारोळ्या होत्या. साय चांगली जाड.

दुसरा पेला मीच मागून घेतला.