राखणदाराचं पाऊल

नाहूर,
शुक्रवार, ७ मार्च १९८६

ती. सुगंधावन्सं यांना मालनचा वाकून नमस्कार.

तुम्ही पाठवलेली कोकमं पोचली. तुमच्या भाचीचा, शेवंतीचा खोकला गेला. तुमच्या भावाची तब्येत ठीक आहे, जेवण तेवढं कमी झालंय. काळजी करू नका.

पावलांची बातमी तुमच्यापर्यंत आलीच असेल, चाकरमान्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुमचा भाऊ सुरुंग लावतो त्या खाणीत मागच्या महिन्यात कडा सुटला आणि खालच्या सपाट दगडावर पावलं निघाली. तीन बोटांची, कोंबडीच्या पायासारखी, पण एकेक परातीएवढं! कॉलेजचे एक सर येऊन गेले. म्हणाले, डायनासोरची असावीत, कोट्यवधी वर्षांपूर्वी चिखलात उमटलेली, पण तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. आमच्या चाळीत तपासायला कोण थांबतंय? जागेचा राखणदार देव चालून गेला असं ठरलं आणि हळदकुंकू सुरू झालं.

मलाही जायचं होतं. हे मात्र सारखे म्हणत, "थंय जाऊचा नाय." मी चिडले. सगळ्या बायका जाऊन आल्या, आणि ज्याच्या हातून देव उघडा झाला त्याच्याच बायकोने घरी बसायचं? रविवारी हे जेवून आडवे झाले तशी मी शेवंतीला आणि शेजारच्या धोंडूभावजींना घेऊन निघाले.

वन्सं, ते पाऊल केवढं सांगू! शेवंती त्यात जाऊन बसली तर अख्खी मावली. भोवती नारळ मांडलेले, एकही फोडलेला नाही. विचारलं तर एक बाई म्हणाली, "तुझ्याच शिवदासने सांगितलंय ना, हा राखणदार फोडलेला नारळ घेत नाही."

हे कुठलं नवीन? आपल्याकडे राखणदाराचा नारळ दगडावर फोडतात, हे तुम्हीच मला लग्नाच्या वर्षी शिकवलंत. मुंबईत राहून हे आपली रीत विसरले म्हणून मला रागच आला. मी नारळ धोंडूभावजींच्या हातात दिला. म्हटलं, "फोडा, बोटापाशीच फोडा."

त्यांनी हात उचलला आणि मागून हे ओरडत आले. अनवाणी, नुसत्या बनियनवर. भावजींचा हात वरच्या वर धरला. मला आणि शेवंतीला ओढत घरी आणलं. दाराला कडी लावली आणि मग म्हणाले, "खाली एक सुरुंग आसा. फुटाक नाय तो."

कडा सुटला त्या दिवशी सुरुंगांचे बार मोजताना एक कमी भरला होता. पण पावलं दिसली, गडी लोटांगणं घालायला लागले आणि यांनीही हात जोडले. यांना वाटलं, राखणदारानेच वात विझवली, आता तिथे हात घालायचा नाही. तरी खाणीच्या शेठच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "गप बस. खाण बंद होईल आणि आत तू जाशील. सुरुंग तू भरलायस ना?"

"राखणदार सांभाळतलो," हे मला म्हणाले. मी विचारलं, "मग भावजींचा हात का धरलात?"

तेव्हापासून मला भीतीने झोप नाही. शेजारी कोणी मसाला कुटायला घेतला तरी मी शेवंतीला उचलून बाहेर धावते. शेवंती त्या पावलात बसलेली दिसते.

उद्या महाशिवरात्र. शेठने तिथे मांडव घातलाय. भांडुप-मुलुंडची माणसं पोरंबाळं घेऊन येणार. पुजारी आणलाय, तो म्हणतो नारळ फोडल्याशिवाय पूजा होत नाही. काल मी यांच्या पाया पडले, चौकीवर जाऊन सांगा म्हटलं. हे भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. वन्सं, तुमचा भाऊ वाईट नाही, घाबरलाय. आईमागे तुम्हीच वाढवलंत, तुम्हाला मी काय सांगू?

म्हणून मी जाते आहे. पत्र पेटीत टाकून तशीच चौकीवर. यांना सांगितलेलं नाही, सांगितलं तर माझा पाय निघणार नाही. तुम्ही हे वाचाल तेव्हा तुमचा भाऊ आत असेल, आणि त्याला आत घालणारी मी. मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, पुन्हा उंबरा चढू देऊ नका. पण मिळेल त्या एसटीने या. माझ्यासाठी नको, यांच्यासाठी या. हे आता माझ्याकडे मान वर करून बघणार नाहीत. तुमच्याकडे बघतील.

आज पत्र पेटीत पडेपर्यंत तरी
तुमची भावजय,
मालन