आईला सांगितलेलं वजन

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

वजन ७४.३. आईला फोनवर सांगितलं – ७९.

कुठंतरी खरा आकडा असावा म्हणून ही वही. शाळेच्या कपाटात ठेवणार, टाचणवहीच्या खाली.

जूनमध्ये मी ८६ होते. त्याच महिन्यात लखनच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. माझा धाकटा भाऊ, तेहेतीस वर्षांचा. आईचं वय झालं, तिला शुगर. त्याच्या बायकोचा, कालिंदाचा, रक्तगट जुळेना. माझा जुळला. डॉक्टर म्हणाले, "आधी वजन सत्तरच्या खाली आणा, मग फोन करा. पुढच्या तपासण्या त्यानंतर." तेव्हापासून माझं वजन सगळ्या घराचं झालं. आई दर सोमवारी माहेरून, पालीहून फोन करते. "किती भरलीस, धने?"

राखीपर्यंत खरं सांगत होते. राखीच्या दिवशी काट्यावर ७७ आले आणि तोंडातून ८० निघालं. मग दर सोमवारी तेच.

गुरुवार, ११ सप्टेंबर

मला भीती वाटते. लिहून टाकलं.

दादा, आमचे वडील, हर्नियाच्या ऑपरेशनला गेले ते स्वतःच्या पायानं. जाताना मला म्हणाले, मेंढरांना पाणी दाव. मी बारावीला होते. त्यांना जीपमधून परत आणलं ते झाकून. त्यानंतर लखननं नववीतून शाळा सोडली आणि मेंढरं सांभाळली. मी डी.एड. केलं, नोकरीला लागले, बीडला घर केलं. त्याची शाळा सुटली म्हणून माझी झाली. हे कुणी बोलून दाखवत नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

ह्यांना विचारलं, काय करू? हे अंबाजोगाईच्या गाडीवर कंडक्टर, सकाळी डबा भरून निघाले होते. "तुझा जीव, तुझं तू ठरव," म्हणाले. दारातून परत वळून संस्कृतीकडं बघितलं. सातवीला आहे पोरगी. तेवढं बघणं पुरलं मला.

रविवार, १४ सप्टेंबर

आज खंडेश्वरीच्या देवळाकडं सहा किलोमीटर. एकदाही थांबले नाही! जूनमध्ये विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळून कमरेवर हात ठेवून उभी राहायचे.

प्रियदर्शनी मॅडम बरोबर असतात. आमच्याच शाळेवर आहेत, कॉलेजला असताना पळायच्या. त्यांनी परस्पर दोघींची नावं दिलीत – १४ डिसेंबर, बीडमधली दहा किलोमीटरची दौड. "वजनाला काहीतरी तारीख पाहिजे, मॅडम."

तारीख. मी तारीख लांबवायला बघतेय आणि ह्या बाईनं तारीख लावून दिली.

आणि खरं सांगायचं तर मला पळायला आवडायला लागलंय. संस्कृतीच्या वेळेपासून अंगावर जे चढलं होतं ते उतरलं. जिना चढताना धाप लागत नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. आरशात बघते. हे सगळं लखनच्या आजारपणावर कमावलं, आणि आता ते त्याला देताना हात मागं येतोय.

मंगळवार, १६ सप्टेंबर

परिपाठाला मुख्याध्यापकांनी पोरांना सांगितलं, "आपल्या बाई भावाचा जीव वाचवायला रोज पळतात." पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिलीतली पण.

पहिल्या तासाला फळ्याकडं तोंड करून उभी राहिले.

शनिवार, २० सप्टेंबर

लखनचं डायलिसिस बुधवारी आणि शनिवारी. आज ते झाल्यावर आमच्याकडं आला, पुढच्या खोलीत दिवाणावर पडला. हातावर सुयांच्या जागी पट्ट्या. मी तेव्हाच पळून आले होते. सवयीनं घरात शिरले आणि पुढच्या खोलीतच उभ्यानं बाटली तोंडाला लावली. घटाघटा. निम्मी संपली तेव्हा लक्षात आलं, तो बघतोय.

त्याला दिवसाला एक लिटर. त्यात चहा, आमटी, गोळ्यांचं पाणी, सगळं. कालिंदा सकाळीच तांब्यात मोजून ठेवते.

मी बाटली खाली ठेवली. तो म्हणाला, "पी की, अक्का. थांबलीस कावून? तू पिलीस की मलाच गार वाटतंय."

उरलेलं पाणी पिता आलं नाही. ओतूनही देता आलं नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

७१.८. सांगितलं ७८.

आई म्हणाली, "एवढं पळून बी उतरंना का ग? हाडच जड हाय तुझं, दादांवानी." माझ्या बाजूनं कारण शोधते.

संध्याकाळी बाजारात जिलबी घेतली आणि गाडीवर बसून पाव किलो संपवली. वजन वाढावं म्हणून. कुठं पोचले मी.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

६९.९.

सोमवार, १३ ऑक्टोबर

काट्याचा सेल काढून ठेवला. संस्कृती म्हणाली, "मम्मी, बिघडला का?" हो म्हटलं. आता पोरीशीही.

आईला ७७.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज

पालीला जाऊन आले. मुद्दाम जुनं पोलकं घातलं, आतून चार पिना लावून, वरून जाड काठाची साडी, पदर दोन्ही खांद्यांवर. कालिंदाची नजर दंडावर गेलीच. "अक्का, पोलकं लई ढगळ झालंय." "जुनं आहे ग, उसवलंय." ती पोळ्या लाटत राहिली.

लखनला ओवाळलं. चेहरा काळवंडलाय, पाय सुजलेत. पाटावर मांडी घालून बसता येईना, मग खुर्चीत ओवाळलं. त्यानं साडी दिली, मोरपंखी. नंतर वाड्याकडं चल म्हणाला. मेंढरांचा वाडा घरामागंच. आता चाळीसच राहिलीत, चुलतभाऊ चारतो. लखन कुंपणाला टेकून उभा राहिला, धाप लागलेली. माझ्याकडं न बघता म्हणाला, "अक्का, तुला भ्या तर वाटत न्हाई ना?"

एवढं सोपं करून दिलं होतं त्यानं. हो म्हणायचं होतं फक्त.

"कशाचं भ्या," मी म्हटलं.

"मंग बरं."

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी नऊ किलोमीटर. मॅडम म्हणाल्या, श्वास मोजत पळा – चार पावलं आत, चार पावलं बाहेर. लई सुंदर पळाले.

घरी आले तर फोनवर कालिंदाचे अकरा मिस्ड कॉल. लखनच्या छातीत पाणी भरलं होतं. पहाटे जीपमध्ये घालून बीडला आणला, रस्ताभर उघड्या तोंडानं श्वास ओढत होता म्हणे. ऑक्सिजन लावल्यावर, तातडीचं डायलिसिस झाल्यावर शांत झाला.

तो श्वासासाठी तडफडत होता तेव्हा मी श्वास मोजत होते.

दवाखान्यात कालिंदा जिन्यावर बसली होती. वर बघून म्हणाली, "अक्का, किती राह्यलं अजून?" वजनाचंच विचारत होती. मी म्हटलं, "पाच-सहा किलो." तिनं माझ्या गालाकडं, मनगटाकडं बघितलं आणि मान खाली घातली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

डॉक्टरांचा नंबर लावला. एक रिंग झाल्यावर कापला.

मंगळवार, २ डिसेंबर

पळायला गेले नाही. उद्यापण नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

गेले. न पळता राहवत नाही, हा वेगळाच गुन्हा.

रविवार, १४ डिसेंबर

दौड झाली. १ तास ११ मिनिटं.

एक टी-शर्ट मिळाला, अंगाबरोबरचा. मोठा मागितला, संपले म्हणाले. रस्ता पालीच्या बाजूचा – पाच किलोमीटर जायचं आणि परत. मला आधी कळलं असतं तर आजारीच पडले असते. वळायच्या खुणेपाशी गर्दी होती, आणि तिथं आई, कालिंदा, लखन. तो मोटारसायकलवर बसलेला, मफलर गुंडाळून. मी येतेय म्हणून त्यांना मॅडमनी फोन केला होता. चांगल्या मनानंच केला.

लपायला जागा नव्हती. पदर नाही, काही नाही. आई दोन्ही हात वर करून "धने, धने" ओरडत होती. तिला मोतीबिंदू, तिला फक्त लेक पळताना दिसली. कालिंदा ओरडली नाही. लखननं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, सावकाश. बाजारात जनावर बघतो तसं – त्याला नजरेनं वजन कळतं, वीस वर्षं तेच केलं त्यानं.

मी वळले. परतीचे पाच किलोमीटर कसे पळाले माहीत नाही. मॅडमना वाटलं मी आनंदानं रडतेय.

नंतर ते तिघं स्टेडियमपाशी आले. लखन एवढंच म्हणाला, "अक्का, लई हलकी झालीस."

सोमवार, १५ डिसेंबर

सोमवार असून आईचा फोन आला नाही.

बुधवार, १७ डिसेंबर

आईचा फोन. मी तयार होते, काहीही ऐकायला.

"धने, लखन सांगत होता. दवाखान्यातून फोन आलता म्हणं त्याला. तुझं जुळत न्हाई. वजनाचं न्हाई, आतलंच कायतरी. आता दुसरं कोण मिळतंय ते यादीत नाव लावून बघायचं." मग म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नको, बाई. तू तुझ्याकून लई केलंस. पळून पळून अर्धी झालीस. तुझ्या हातात काय हाय?"

दवाखान्यातून कुणाचा फोन येईल? माझ्या पुढच्या तपासण्याच झाल्या नाहीत.

मी म्हटलं, "हो आई."

सुटले, असं वाटलं. खरंच वाटलं – डाळ फोडणीला टाकेपर्यंत. मग कढई तशीच ठेवून खाली बसले.

गुरुवार, १८ डिसेंबर

कालिंदाचा फोन. रडत होती. "अक्का, त्या दिवशी तुम्हाला पळतानी बघून मी मनात लई वंगाळ आणलं. तुमी लपिवताय असं वाटलं. माझं चुकलं. माफ करा मला."

मी तिला म्हटलं, असू दे.

असू दे म्हटलं मी तिला.

शुक्रवार, १९ डिसेंबर

मधल्या सुट्टीत लखनला फोन लावला. वर्गात कुणी नव्हतं.

"खोटं कशाला सांगितलंस घरी?"

"मंग काय सांगू? खरं तू सांगतीस का?"

तो हळू बोलत होता, दोन शब्दांमध्ये श्वास घेत. "अक्का, मी भाऊबिजेलाच वळखलंतं. तुझ्या तोंडावर दिसतंय. किडनी काय बळंच घ्यायची चीज हाय का? तसली मला पचायची न्हाई. आन् आईनं, कालिंदानं तुला जन्मभर बोल लावावा, ते बी मला नको. यादीत लावलंय नाव. मिळंल तवा मिळंल."

"लखन –"

"पळत ऱ्हा तू. ब्येस पळतीस."

घंटा झाली. पोरं आत आली. पाढे म्हणून घेतले, सतराचा.

आज चार महिन्यांत पहिल्यांदा कळलं. मला वाटत होतं मी त्याच्यापासून एक किडनी लपवतेय. त्यानं मागितलीच नव्हती. भीती वाटते एवढं त्याच्याजवळ बोलावं, एवढीच त्याची अपेक्षा होती, आणि मी तेही दिलं नाही.

शनिवार, २० डिसेंबर

सकाळी ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. बराच वेळ तिकिटांची पेटी पुसत बसले. मग म्हणाले, "रजा किती टाकू?"

रविवार, २१ डिसेंबर

पालीला गेले. तिघांना समोर बसवून सांगितलं, राखीपासूनचं सगळं. आई उठून आत गेली, मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. कालिंदानं माझ्यापुढचा चहा तसाच उचलून नेला. भीती आहे तेवढीच आहे – हेही सांगितलं, ह्या वेळी मोठ्यानं. रस्त्यापर्यंत लखन एकटा आला. म्हणाला, "कवा जायचं मंग?"

बुधवारी, म्हटलं. डॉक्टरांना फोन कालच केलाय.