डोक्याभोवतीची पांढरी कडा

प्रिय मारेन,

रविवारी तुझा फोन घाईघाईत ठेवला, मनावर घेऊ नकोस. काही गोष्टी मला बोलण्यापेक्षा लिहून बऱ्या जमतात. तान्हा आस्गर झोपला असेल तर कॉफी घेऊन बस.

आमच्या फोटोक्लबात या हिवाळ्यात प्रत्येकाने स्वतःचा फोटो काढायचा ठरलंय. मला बसायचं होतं स्वयंपाकघराच्या खिडकीत, मागे फियोर्डच्या खाडीचं पाणी दिसेल असं. पण इथलं हिवाळी ऊन तुला ठाऊकच आहे. फियोर्ड नीट यावा तर माझं तोंड तव्याच्या बुडासारखं, तोंड नीट यावं तर फियोर्ड गायब! म्हणून एकाच जागेचे तीन फोटो काढायचे, एक काळपट, एक बेताचा, एक भगभगीत, आणि संगणकावर तिन्हींचा मेळ घालायचा. हे माझी मीच शिकले, चुकतमाकत. आता मी कॅमेऱ्यामागे असताना स्टुलावर कोण बसणार? म्हणून तिथे लांब दांड्याचा झाडू उभा करते, वर तुझ्या बाबांची टोपी. त्याच्यावर फोकस धरते, उजेड बघायला त्याचेही तीन फोटो काढते, मग तो कोपऱ्यात आणि मी स्टुलावर.

सगळं जमलं, पण माझ्या डोक्याभोवती पांढरी कडा आली. चर्चमधल्या संतांना असते तशी! क्लबात दाखवलं तर आमच्यातला आयनार म्हणतो, "अगं थीरा, तीन फोटो होईपर्यंत तरी मान हलवू नकोस! का शेजारणीशी गप्पा चालल्या होत्या?" सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन श्वास रोखून पुन्हा काढले. पुन्हा कडा.

तुझ्या आजोबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मान आठवते ना? तीही अशीच हलायला लागली होती, कुणाच्या लक्षात न येता. मग हात सुरू झाले, मग सूपचा चमचा तोंडापर्यंत पोचेना. मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हात पुढे धरायला लावले, चालवून पाहिलं, म्हणाले, "काही झालेलं नाही हो तुम्हाला." मी मनात म्हटलं, यांना नसेल दिसत, कॅमेऱ्याला दिसतंय. आणि नेमकं तेव्हाच, रविवारी फोनवर, तू विचारलंस, "आई, बाप्तिस्म्याच्या दिवशी आस्गरला चर्चमधल्या पाण्याच्या कुंडापर्यंत तू घेशील का?" मी पाठदुखी पुढे केली. पाठ ठणठणीत आहे गं माझी.

काल फोटो जोडताना चुकून झाडूचेच तीन घेतले. आणि बाबांच्या टोपीभोवती तीच कडा, माझ्यापेक्षाही जाड! मी बघतच राहिले. झाडूची मान कधीपासून डुगडुगायला लागली? नीट पाहिलं तर खिडकीच्या चौकटीलाही कडा, दिव्यालाही. एकटीच खदखदून हसले, मग थोडी रडलेही. आयनारला फोन केला. "संगणकावरची बारकावे उठवायची ती पट्टी पार शेवटपर्यंत ओढलीस ना?" म्हणाला. मी म्हटलं, "ओढली तर! सुरकुत्या दिसायला नकोत?" "सुरकुत्यांना तुझी मदत नको, बये. निम्म्यावर आण. आणि मानेचं मी बोललो ते विसर, माझंच चुकलं." निम्म्यावर आणली, कडा गेली. कानापाशी थोडी उरली होती, ती हलक्या हाताने पुसली. आता खिडकीत नुसती मी आहे, जशी आहे तशी.

तर हे पत्र कशासाठी, ते आता सांगते. आस्गरला घेण्याचं विहीणबाईंना तू सांगून टाकलं असशील, तर मी पुढच्या बाकावर बसेन आणि ब्र काढणार नाही. पण अजून सांगितलं नसशील, तर त्याला मी घेईन. घेऊ दे मला. आज सकाळी आपल्या घरचा तो बाप्तिस्म्याचा लांब पांढरा झगा पिठाच्या मोठ्या पिशवीवर चढवला, टोपडंसुद्धा बांधलं, आणि तिला छातीशी धरून दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारल्या. पिशवी जराही कलली नाही. आस्गर पिशवीसारखा गप्प राहायचा नाही, हे मला कळतं. रडेल, लाथा झाडेल, गार पाणी डोक्यावर पडलं की चर्च दणाणून सोडेल. सोडू दे. माझ्या हातांतून तो निसटणार नाही.

तुझीच,
आई