पावलांपुरता धातू

"वैनी, धातू पुरते. एवढ्याशा पोरीले किती लागते? तिची वाटी राहू द्या तुमच्याजवळ."

माझे दीर उमाजी भट्टीपुढे हे बोलले, त्याला बरीच वर्षे झाली. आज मागची व्यवस्था लिहायला बसले तर आधी तेच आठवले, म्हणून तेच आधी लिहिले.

मी, भागीरथा मनसाराम ओतारी, वय चव्वेचाळीस, विधवा, राहणार धानोरा, जिल्हा गडचिरोली. पोटातले दुखणे बरे होणारे नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे. डोके मात्र जागेवर आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मनाने आणि माझ्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक उमाजीभाऊजींची बायको, माझी जाऊ रुखमा हिला. ती दोघे गडचांदूरला असतात. कधी परतायचे झाले तर छप्पर असावे.

२. भाता, धातू वितळवायच्या मुशी, चिमटे आणि मेणाचा धागा वळायची फळी माझ्या हाताखाली शिकलेल्या कलाबाईला. तिचा हात हलका आहे, पण मेणात राळ जास्त घालते, मग धागा तुटतो. तोंडावर सांगितले की रुसते, म्हणून इथे लिहिले.

३. चंद्रपूरचे व्यापारी गुणवंतराव यांना माझ्या घरातले काहीही विकू नये. फडताळातली पावले नसलेली मूर्ती पाहून ते म्हणाले होते, "बाई, जमिनीतून निघाली म्हणून सांगू. तुटकं असलं का भाव जास्त येते."

ती माझी गोकुळा आहे.

हिवतापाने गेली तेव्हा सहा वर्षांची होती. तिचे वडील तिच्या आधीच गेले होते. मी तिला मातीच्या गाभ्यावर मेणाने घडवले, वर वारुळाची माती लिंपली. भट्टीत मेण वितळून गेले, त्या पोकळीत धातू ओतायचा. साचा डोके खाली करून बसवतात. चेहरा आधी भरतो, पाय शेवटी. मुशीत टाकायला मी तिची जेवायची काशाची वाटी आणली होती. भाऊजींनी ती माझ्या हातात परत दिली. धातू तिच्या घोट्यांपर्यंत आला आणि संपला.

साचा फोडला तर पाय घोट्याशीच संपले होते. भाऊजींनी ओतकाम सोडले, सिमेंटच्या कारखान्यात लागले. रुखमा एकदा म्हणाली, "बाई, तुम्ही शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. दोन घास तरी जेवले असते ते." पण शिव्या कशाच्या देणार? माझ्याजवळ काहीतरी राहावे म्हणूनच त्यांनी वाटी वाचवली होती.

४. गोकुळेची मूर्ती आणि ती वाटी उमाजीभाऊजींना. मूर्तीच्या घोट्यांना मी मेणाची पावले जोडून ठेवली आहेत. मेण मऊ पडू नये म्हणून मूर्ती आता रांजणामागे, गारव्याला आहे. उजव्या पायाची करंगळी जराशी वर उचललेली दिसेल. ती तशीच होती, दाबू नये.

भाऊजी, या वेळी वाटी मुशीत टाका आणि तिची पावले ओता. तुम्ही नाईच म्हणाल. मागे रुखमेकडून विचारले तेव्हा, "त्या भट्टीचं नाव नोका काढू," एवढेच उत्तर आले होते. तरी मागते. वाटी जवळ ठेवायला आता मी नसेन.

भागीरथा मनसाराम ओतारी

आमच्यासमोर सही केली:
देवराव झिंगू मेश्राम, शिक्षक
गिरजाबाई खुशाल निकुरे (अंगठा)

धानोरा, १४ जानेवारी १९८६