ठोकळ्यांची गाडी

मंगळवार, संध्याकाळ

पाय ठणकताहेत. आज पुन्हा तेच. अंगणवाडी सुटताना परीचे वडील दारातूनच म्हणाले, "ताई, नुसतं खेळवताच का? ए-बी-सी-डी कधी शिकवणार?" रोज कुणाकुणाला समजावू? बोलायचं त्राणच नव्हतं. मी पसरलेले ठोकळे धडाधड टोपलीत टाकायला लागले.

तशी परी धावत आली. सकाळभर ती ठोकळ्यांची केळी करून गाडी भरत होती, थराथरात पाला घालून.

"हळू ना ताई! काळी पडतीन!"

तिचे वडील स्वतः रोज केळीच्या गाड्या भरतात. मग चपला काढून आत आले, तिच्याशेजारी बसले आणि एकेक ठोकळा हलक्या हाताने रचायला लागले. पालासुद्धा घातला.

ए-बी-सी-डीचं उद्या विचारतीलच म्हणा.