विटेची ऊब

अणदूर,
पौष वद्य पंचमी

चि. सौ. शिवगंगा हिस,

तुझ्या वहिनीविरुद्ध तक्रार दाखल करून घे. कालिदास दिनाला पांढरंशुभ्र उपरणं पांघरवून माझा सत्कार झाला होता. उमादेवीनं ते उत्तरेच्या खिडकीच्या फटीत कोंबलं आहे. जन्मभर संस्कृत शिकवल्याचं फळ एवढंच, की वारा अडतो. तिचं म्हणणं, तो तुमच्या सुभाषितांनी अडला असता तर उपरणं कशाला लागलं असतं?

इकडे सगळे खुशाल, असं लिहितात म्हणून लिहितो.

तू दिलेला हीटर कपाटावर चढवला आहे, रागावू नकोस. विजेचं बिल आलं तेव्हा तुझ्या वहिनीनं आधी बिलाकडे, मग हीटरकडे, मग माझ्याकडे पाहिलं. तिघांत निरुपयोगी कोण, ते बोलली नाही. मग शीतनिवारणाची विद्या आम्ही घरातच शोधली. पत्र्याखाली पोती ताणली. दुपारी आप्पांची बाज उन्हात. ऊन कललं की दार बंद. अंघोळीचं पाणी बंबात तुराट्यांवर. आणि भाकरी झाल्या की चुलीच्या धगीत विटा तापवायच्या, जुन्या लुगड्यात गुंडाळून आप्पांच्या पायाशी ठेवायच्या.

बिल उतरलं. आप्पांची कुरकुरही. दिवाळीपासून ‘लई गारठा हाय रं’ म्हणून घर डोक्यावर घेणारे आप्पा एकाएकी गप्प झाले. मी शाळेत विटेचं शास्त्र ऐकवत फिरलो. शिवानंद सरांनी तर घरी प्रयोगही सुरू केला.

परवा पाय पुसताना उमादेवी थांबली. आप्पांच्या तळव्याला मोठा फोड. लुगडं सरकून वीट उघडी पडली होती. दुखतंय का विचारलं, तर म्हणाले, “कुठं?”

डॉक्टर म्हणाले, साखरेमुळं हातापायांची संवेदना गेली, आता परत येणार नाही. वीट बंद, शेगडी बंद, गरम पाण्याची पिशवीही बंद. म्हणजे गारठा गेलाच नव्हता, कळायचा बंद झाला होता. त्यालाच मी माझी करामत समजलो.

इथवर फोनवर सांगता आलं असतं. पुढचं तोंडानं सांगवत नाही.

काल अंघोळ घालून त्यांना पूजेला बसवलं. गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर ठेवलं. आप्पा बराच वेळ पाहत राहिले. डॉक्टरांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. त्याआधी कसं भागवत होते, कोण जाणे.

“रुद्रेश, हातावर आल्यागत वाटंना.”

“आहे की, आप्पा. दिसतंय ना?”

“दिसतंय. नुसतं बघून पूजा होती व्हय?”

पूजेशिवाय त्यांनी कधी अन्नाला हात लावला नाही, तापातसुद्धा. तुला माहीत आहे. काल ताट तसंच परत आलं. आजही. मी शास्त्राधार काढले, वाद घातला. ते सगळं ऐकून घेतात आणि तुझ्या वहिनीला हळूच म्हणतात, “पूजा झाली न्हाय, माय. जेवू कसा?” चिडत नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

शिवगंगा, फोड बरा होईल. आप्पा उपाशी आहेत, आणि ते आता जेवतील असं मला वाटत नाही. हात धरून बसलो, तर माझा हातही त्यांना कळत नाही.

मिळेल त्या गाडीनं ये.

तुझा,
अण्णा