बरगड्यांखालचं दोन वाव पाणी

प्रिय व्हर्ना,

तुला आठवत नसेल म्हणून आधीच सांगते, न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर तुझी एक थोरली बहीण राहते. नाव ऑगस्टा. वाढदिवस फेब्रुवारीत. गेली तीन वर्षं तो तुझ्याविनाच येऊन जातो, त्यालाही आता सवय झालीय. तिकडे अल्बर्टात तुझे गुडघे, तुझी मांजर आणि तुझा नवा नवरा (बर्नाडीन, 'नवा' लिही. नातीने आजी सांगेल ते लिहायचं, त्यात सुधारणा करायच्या नाहीत) सगळे ठणठणीत आहेत असं धरून चालते.

मी बरी आहे. गेल्या मंगळवारी नव्हते. चुलीपासून दारापर्यंत जाताना दोनदा टेकावं लागलं, तेव्हा आमच्या म्हाताऱ्याने, गारलंडने, मला दवाखान्यात नेलं. तिथे जोसलिन नावाची नवी नर्स आलीय. तिने माझ्या पाठीला गार, बुळबुळीत काहीतरी फासलं आणि साबणाच्या वडीएवढा एक ठोकळा फिरवायला लागली. तो म्हणे आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत सोडतो, आणि तो आपटून परत आला की पडद्यावर चित्र उमटतं. (आमच्या घरात परत न येणारा आवाज फक्त माझा. तो म्हाताऱ्याच्या कानात जातो आणि तिथेच मुक्काम करतो.)

आता पन्नास वर्षं होडीत असल्याच यंत्रावर मासे शोधलेल्या माणसाला असल्या पडद्यापुढे बसवू नये. काळं दिसताच म्हातारा म्हणाला, "पाणी." नर्स म्हणाली, "हो आजोबा, फुप्फुसाभोवती पाणी साचलंय." खाली पांढरी रेघ दिसली, तर म्हणाला, "हा तळ." मग त्या काळ्यात माझ्या फुप्फुसाचं टोक शेपटीसारखं हललं, तसा हा खुर्चीतून उठलाच. "कॉड आहे. दोन वाव पाण्यात. वीस पौंडांना मरण नाही." (बर्नाडीनने विचारलं म्हणून सांगते, वाव म्हणजे सहा फूट.) लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण माझ्याकडे इतक्या प्रेमाने त्याने कधी पाहिलं नव्हतं.

नर्स हसली नाही. तिने शहरातल्या डॉक्टरला फोन लावला, उजव्या बाजूला बरंच पाणी आहे म्हणून. तो म्हणाला, एकाच बाजूला असेल तर लक्षण बरं नाही, हेलिकॉप्टर पाठवतो, इथे सुई घालून काढू आणि कशाचं आहे ते बघू. माझी धाकटी जाऊ विनिफ्रेड तशीच हेलिकॉप्टरने गेली होती. परत आली ती पेटीतून. मी छताकडे बघत बसले.

तेव्हा म्हातारा म्हणाला, "पोरी, होडीच्या एकाच बाजूला गळ टाकून कुणी घरी जातं का? दुसरी बाजू बघ."

"बघणारच होते," ती म्हणाली.

"मग फोन आधी का केलास?"

ती लाल झाली, आणि डावीकडे ठोकळा लावला. तिथेही काळं. उजवीपेक्षा कमी, पण होतं. डॉक्टरचा सूर लगेच बदलला. दोन्हीकडे आहे, पायही सुजलेत, म्हणजे बहुधा हृदय थकलंय. लघवीच्या गोळ्या द्या, मीठ बंद करा, दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. हेलिकॉप्टर राहिलं.

तेव्हापासून हा दुकानात उभा राहून माझं फुप्फुस केवढं होतं ते दोन्ही हातांनी दाखवतो. रोज ते थोडं लांब होतं.

मला कसलीही भीती वाटत नाही. तू धावत यायचं कारण नाही.

तुझी थोरली,
ऑगस्टा
(सहीच्या जागी फुली आहे. मारली मीच.)

ता. क. चौदा तारखेला पुन्हा बघणार आहेत. पाणी उतरलं नसेल तर हेलिकॉप्टर येणार. बर्नाडीन विचारतेय, वरचं भीतीचं वाक्य खोडू का? राहू दे, दिसायला बरं दिसतं. तू तेराला ये.

आणखी एक ता. क. म्हातारा धक्क्यावर गेलाय, तोवर भरभर सांगते. मीठ मला बंद आहे, त्याला नाही. पण मंगळवारपासून तोही माझ्याच ताटातलं आळणी खातो. जन्मभर खारवलेल्या माशावर वाढलेला माणूस, नुसतं उकडलेलं कॉड तोंडात घोळवतो आणि म्हणतो, "चव आहे हं." दाढा दिसायला लागल्यात गालांतून. मी काही बोलले तर म्हणतो, मला आवडतं. तू येशील तेव्हा येशील, पण त्याच्या आळणी माशावर पिळायला दोन डझन लिंबं आजच पाठव, चांगली रसाळ बघून. आणि खोक्यावर नाव माझं घाल.